दीदीनं मले अनपढ केलं

पहिले माह्या खिशातला पेन काढला. मंग चष्मा.

पेन मॅनेजरनं काढला. चष्मा दीदीनं स्वतः काढला, दोन्ही हातानं, हळू, लहान लेकराचं नाक पुसावं तसा. म्हणाली, "बाबा, फोटो में अच्छा नहीं लगता. जिसको पढना नहीं आता, वो चश्मा पहन के क्या करेगा?" आजूबाजूचे चार जण हासले. मीही हासलो. ते हासणं मले अजून टोचते.

मंग स्टेजवर चढवलं. खुर्ची, टेबल, टेबलावर नवी कोरी पाटी. खाली मंडप भरून लोक. पहिल्या रांगेत बाहेरून आलेले पाहुणे, ज्यायच्या मदतीवर हे सगळं चालते असं आमाले सांगतलं होतं. त्यायच्या बाजूले चाकाच्या खुर्चीत माही बायको.

दीदी माह्या मागं आली. खांद्यावरून वाकली, हातात खडू देल्ला अन् माहा हात आपल्या हातात धरला. माइकवर बोलली, "चौहत्तर साल के हमारे बाबा आज जिंदगी में पहली बार अपना नाम लिखेंगे."

टाळ्या.

तिनं माहा हात फिरवाले सुरुवात केली. मी हात ढिला सोडला होता. पण हाताले सवय असते. माह्या नावाची सही मी हजारदा केली असन, मस्टरवर, गेटपासवर, पोरीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर. हात आपोआप पुढं धावाले पाहे, अन् मी त्याले मागं ओढत होतो. बैलाले कासऱ्यानं ओढावं तसं. एका अक्षराले तो पुढं गेलाच. दीदीनं माह्या कानात म्हटलं, "धीरे, बाबा. थोडा काँपना चाहिए."

मी कापलो. कापून दाखवलं.

पाहुण्यायतल्या एका बाईनं डोळे पुसले.

मी भंडारा जिल्ह्यातला. दुसरी पास. तिसरीत गेलो नाही. भिलाईले आलो तेव्हा मिशा फुटल्या नव्हत्या. प्लांटमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली लागलो अन् म्हातारा होईपर्यंत ठेकेदाराच्याच हाताखाली राहिलो. परमनंट झालो नाही, म्हणून सेक्टरातलं प्लांटचं क्वार्टर कधी भेटलं नाही. काम भट्टीच्या पोटातलं. भट्टी बंद झाली का आत उतराचं, झिजलेल्या इटा फोडाच्या, नव्या बसवाच्या. बंद भट्टीही तापलेलीच राहते. अंगावर ओलं पोतं, पायात लाकडी तळव्याच्या चपला. थोडा वेळ आत, थोडा वेळ बाहेर. तिथल्या इटेवर नंबर अन् अक्षर ठोकलेलं असते. कोणती इट कुठं जाईन ते त्याच्यावरून कळते. चुकीची बसली तं पातळ लोखंड भिंत फोडून बाहेर येते अन् माणसं जळतात. आमचा मिस्त्री म्हणे, "ज्याले वाचता येत नाही त्यानं बाहेर गारा कालवावा." मी आत होतो. इतकं सांगतलं म्हणजे झालं.

बाकीचं वाचणं मी आमच्या वस्तीत, कोहक्याच्या बुद्धविहारात शिकलो. रेल्वेतले एक काका ड्यूटीवरून आल्यावर शिकवत. मंग पुढं वर्षावासातलं वाचन माह्याकडे आलं. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज ग्रंथ वाचतात. एक जण वाचते, बाकीचे आयकतात. बावीस वर्षं मी वाचलं. त्याचा पगार नसते. मान असते. पांढरा शर्ट धुवून, पाणी शिंपडून, लोटा गरम करून मी इस्त्री करो. माही बायको पहिल्या रांगेत बसे. तिले मीच लिहाले शिकवलं होतं, म्हणून ती मले मास्तर म्हणे. चिडवाले म्हणे, पण म्हणे.

"काय गा मास्तर, आज एक ओळ गिळली तुमी."

"तुले कसं कळलं वं?"

"वाक्य पुरं व्हाच्या आधीच दम घेतला तुमी."

अशी होती.

मंग दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या. रस्ता रुंद झाला, त्याच्यात आमची गल्ली गेली. अन् तिले लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ अर्धी राहिली. घराच्या बदल्यात जे घर भेटणार होतं ते तिसऱ्या माळ्यावर, अन् त्याच्यासाठीही हापिसात मले विचारलं, "मूलतः कहाँ के हो?" मी म्हटलं, "भंडारा." साहेबानं कागद बाजूले ठेवला. पन्नास वर्षं ह्या गावच्या भट्टीत अंग भाजलं, अन् कागदावर मी परदेसिया. इथले लोक भायेरच्याले परदेसिया म्हणतात. मजाकीत म्हणतात. हापिसात मजाक नव्हती.

पोरगी गोंदियाले. ती म्हणे, "बाबा, या इकडं." पोरीच्या घरी पाहुणा म्हणून जाते माणूस, मराले जात नाही. मी गेलो नाही. माही अकड समजा.

तेव्हा कोणीतरी सेवा सदनाचं नाव सांगतलं. जुनवानीकडं आहे. भायेरून पोट भराले आलेल्या लोकायसाठी, ज्यायचं इथं कोणी नाही. एका रिटायर मोठ्या साहेबाच्या बायकोनं सुरू केलं. सगळे तिले दीदी म्हणतात. माह्या पोरीच्या वयाची आहे, तरी मीही दीदीच म्हणतो. तिथं आमाले खोली भेटली. खालच्या माळ्यावर, संडास आतच, दरवाजा इतका रुंद का चाकाची खुर्ची जाते. हप्त्यातून तीनदा एक पोरगी येऊन बायकोच्या हातापायाची कसरत घे.

खोटं नाही सांगत. जेवण बरं होतं. गादी नवी होती. सहा महिन्यात बायकोची दोन बोटं हालाले लागली. दीदी स्वतः येऊन पाहे अन् खुश होये. ते खुश होणं खोटं नव्हतं. माह्या रागात हीच अडचण आहे.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तिनं मले हापिसात बोलावलं. चहा पाजला. काय कराचं ते सांगतलं. मी म्हटलं, "दीदी, मेरे को तो लिखना आता है."

"मालूम है बाबा."

"फिर?"

ती हासली नाही, चिडली नाही. समजावलं. पाहुणे दुरून येतात. त्यायले काही दिसलं पायजे. कसरत दिसत नाही, गादी दिसत नाही. म्हातारा माणूस पाटीवर नाव लिहिते ते दिसते. "आपके एक छोटे से झूठ से बीस लोगों की थाली चलती है, बाबा. अम्मा की भी."

अम्मा म्हणजे माही बायको.

वीस थाल्या एका पारड्यात अन् माही अकड दुसऱ्यात. मी चहा पेलो. हो म्हटलं.

स्टेजवरून उतरलो तं चष्मा परत भेटला. खोलीत आलो. बायकोले भरवाले बसलो. मी तिले रोज भरवो, उजवा हात नाही चालत म्हणून. घास तोंडाजवळ नेला. तिनं तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूनं नेला. तिकडूनही फिरवलं.

"काय झालं वं?"

अर्ध्या जिभेनं तिनं एकच शब्द काढला. काढाले वेळ लागला. "खो... टा."

डाव्या हातानं तिनं वाटी ओढली अन् डाव्या हातानं जेवली. अंगावर सांडत, गादीवर सांडत. त्या दिवसापासून माह्या हातानं जेवली नाही.

पेपरात फोटो आला. "74 की उम्र में पहली बार लिखा अपना नाम." खाली माहं नाव. माहा कापणारा हात, मागं दीदी.

त्याच हप्त्यात वर्षावास लागला. पौर्णिमेले मी पांढरा शर्ट घालून कोहक्याले गेलो. विहारात लोक जमले होते, पण कोणी नेहमीसारखं "या बाबा" म्हटलं नाही. ठमाबाई पुढं बसली होती. ही म्हातारी बावीस वर्षं माहं वाचन आयकत आली. तिले स्वतःले एक अक्षर येत नाही. तिनं मले जवळ बोलावलं अन् हळूच विचारलं, "भाऊ, मंग इतके वर्ष तुमी पाठ करून म्हणत होते का?"

पहिले मले समजलंच नाही.

"पुस्तक तं समोर राहे तुमच्या," ती म्हणाली. "पानंही उलटवत. मले वाटे, वाचून राहिले. तोंडपाठ होतं का सारं? गजब डोस्कं आहे बाप्पा तुमचं!"

ती टोमणा मारत नव्हती. तिले खरंच कौतुक वाटून राहिलं होतं. तिच्या हिशोबानं पेपरात आलं म्हणजे खरं. माणसाले वाचता येत नाही, तरी बावीस वर्षं पुस्तक समोर धरून एक अक्षर न चुकता म्हणते. केवढी करामत!

बाकीचे हासले. ते हासणं ठमाबाईच्या कौतुकासारखं भोळं नव्हतं.

विहाराच्या कमिटीतल्या, प्लांटमधून रिटायर झालेल्या एका जणानं खिशातून तोच पेपर काढून माह्यासमोर धरला. "बाबा, सोप्पं आहे. हे वाचून दाखवा. गोष्ट खतम."

मले लिहितावाचता येत नाही असं ज्या बातमीत होतं, तीच बातमी त्यानं मले वाचाले देल्ली.

मी पेपर हातात घेतला. अक्षरं साफ दिसत होती. तोंड उघडलं असतं तं एका दमात वाचून टाकलं असतं. पण वाचलं म्हणजे स्टेजवरचं खोटं उघडं. गोष्ट सदनापर्यंत जाले दोन दिवस लागले नसते, तिथं काम करणाऱ्या दोघी जणी कोहक्याच्याच. मंग खोली जाईन. रुंद दरवाजा जाईन. बोटं जी हालाले लागली ती थांबतीन. अन् नाही वाचलं तं बावीस वर्षं मी ह्या लोकायले फसवलं.

इकडंही लबाड, तिकडंही लबाड. मधात मी, पांढरा शर्ट घालून.

मी पेपर घडी करून परत देल्ला. म्हटलं, "मी परीक्षा देत नसतो."

"मंग यंदा वाचन दुसऱ्यानं करू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. कामाची गोष्ट होती. त्या वर्षी एका मास्तरणीच्या पोरीनं वाचलं. चांगलं वाचलं. मी मागं खांबाजवळ बसून आयकलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गेलो नाही.

वर्ष गेलं. मी सदनाच्या आत राहो. भायेर निघालो का कोणी ना कोणी म्हणे, "काय बाबा, आता पुरं नाव लिहिता का?" सेक्टर सहाच्या बाजारात माह्यासंग भट्टीत काम केलेला एक जण भेटला. तो सायकल थांबवून बोलणार होता. मीच तोंड लपवून दुसऱ्या गल्लीत शिरलो. जुनवानीतली ती खोली मोठी होती, हवा येत होती. तरी मले भट्टीत असल्यासारखं वाटे. भट्टीतून तरी थोड्या वेळानं भायेर बोलावत.

मंग पुन्हा कार्यक्रम आला. पुन्हा चहा. पाहुणे नवे येणार होते.

"वही करना है बाबा, पिछली बार जैसा."

मी म्हटलं, "पिछले साल सीख गया ना मैं? फिर पहली बार कैसे?"

दीदी हासली. "इनको कहाँ मालूम?"

म्हणजे मी दरसाल अनपढ व्हाचं. दरसाल पहिल्यांदा शिकाचं. मराच्या दिवसापर्यंत.

मी चहा तसाच ठेवला. भायेर आलो. व्हरांड्यात कार्यक्रमाचा फ्लेक्स भिंतीले टेकून ठेवला होता. त्याच्यावर मी होतो. मोठा फोटो, बाजूले बायको. खाली लिहिलेलं मी उभ्या उभ्या वाचलं. मंग पुन्हा वाचलं. मले वाटलं माहेच डोळे चुकून राहिले. लिहिलं होतं, हा म्हातारा भायेरच्या राज्यातून आला, मंदिरासमोर बायकोले बसवून भीक मागे, सदनानं दोघायलेही फुटपाथवरून उचललं.

भीक.

अनपढ म्हटलं ते मी गिळलं होतं. माह्या एकट्याचं होतं. पण हे तिचंही होतं. ती माही बायको, सेक्टरातल्या सात घरी भांडे घासून पोरीले बारावी शिकवलेली बाई. होळीले मालकिणीनं देल्लेलं शिळं पक्वान्न रस्त्यावरच्या गाईले घालून येणारी बाई.

मी खोलीत गेलो. तिले फ्लेक्सवरचं सांगतलं. म्हटलं, "उद्या बोललो तं खोली जाईन. तुह्या हाताची कसरत जाईन. तुले विचारल्याबिगर मी काही करणार नाही. एकदा केलं, आता नाही."

जीभ जमवून ती म्हणाली, "भिकारी... नाही... मी." थोडा दम घेतला. "जाऊ दे... खोली."

दुसऱ्या दिवशी स्टेज, खुर्ची, पाटी. दीदी मागून आली, हात धराले वाकली. मी हात मांडीखाली दाबून बसलो. ती कानात म्हणाली, "बाबा?" मी उठलो. माइक तिच्यासमोरच होता. लोकायकडे पाठ केली अन् मागं टांगलेला, मोठ्या अक्षरायचा फ्लेक्स बिना चष्म्यानं वाचाले लागलो. मोठ्यानं. विहारात वाचत होतो तसं, पूर्णविरामावर थांबत. एक ओळ वाचो अन् म्हणो, "ये झूठ है." दुसरी वाचो. "ये भी झूठ है." शेवटच्या ओळीत लिहिलं होतं का आता हे दोघं सुखात आहेत. तिथं मी थांबलो. म्हटलं, "ये हमसे किसी ने पूछा नहीं."

खाली बायकोनं चाकाच्या खुर्चीच्या दांडीवर डावा हात आपटला. दोनदा, तीनदा. तिच्या टाळ्या त्या.

मले वाटलं होतं, आता हाकलतीन. गठुडं बांधून ठेवलं होतं. मी त्या बाईले ओळखलंच नव्हतं.

दीदीनं माह्या खांद्यावर हात ठेवला. मायेनं. माइक घेतला अन् पाहुण्यायले सांगतलं, "बाबा की उम्र हो गई है. कभी-कभी दिमाग साथ नहीं देता. ऐसे लोगों को ही तो हमारी सबसे ज्यादा जरूरत है." अन् टाळ्या पडल्या. गेल्या वर्षीपेक्षा जोरात.

खोली गेली नाही. कसरतवाली पोरगी येते. जेवण येते. फक्त मॅनेजरच्या कागदावर माह्या नावापुढं पहिले "निरक्षर" होतं, आता "मानसिक रूप से कमजोर" आहे. मी ते उलटं वाचलं, टेबलाच्या ह्या बाजूनं. आता मी काहीही बोललो तं लोक मान हालवतात अन् म्हणतात, "हाँ बाबा, हाँ बाबा." भीक मागितली नाही म्हटलं, "हाँ बाबा." वाचता येते म्हटलं, "हाँ बाबा." काढलं असतं तं कोणी म्हटलं असतं, खरं बोलला म्हणून काढलं; काढलंच नाही, म्हणून तेही कोणी म्हणत नाही. दयेची भिंत इटेची नसते, चिखलाची असते. फोडाले गेलं का हातच आत रुततो.

विहारात मी गेलो. ठमाबाईले सांगतलं, "मी खोटं बोललो होतो. तुमच्यासमोर नाही, स्टेजवर." ती म्हणाली, "मंग तिथं कावून बोलले?" मी म्हटलं, "खोलीसाठी." कमिटीवाल्यानं वाचन परत देल्लं नाही. मीही मागितलं नाही. बावीस वर्षांचा मान मी स्वतः विकला, तो मागून भेटत नसते.

पण एक काम मी धरलं. सकाळी सदनाच्या गेटजवळच्या ओट्यावर बसतो. नवे लोक येतात, ओडिशाचे, झारखंडचे, बिहारचे. हातात बोचकं, डोळ्यात झोप. मॅनेजर त्यायले फॉर्म देते, म्हणते, भायेर बसून अंगठा लावून आणा. मी म्हणतो, "लाओ, पहले पढ देता हूँ."

मागच्या महिन्यात एक बाई आली. पोटुशी. संग नवरा, डोक्यावर ट्रंक. मी वाचलं, "पति द्वारा परित्यक्त."

"मतलब?"

"मतलब तेरे आदमी ने तेरे को छोड दिया."

तिनं वळून पाह्यलं. "ये खडा तो है!"

नवरा ट्रंक सांभाळत म्हणाला, "मैंने कब छोडा?" तिघंही हासलो. मंग ती थांबली. मले विचारलं, "ये नहीं लिखेंगे तो कमरा नहीं मिलेगा?"

मी खरं सांगतलं. "नहीं मिलेगा."

तिनं एक हात पोटावर ठेवला. नवऱ्याकडे पाह्यलं नाही. अंगठा शाईत बुडवला अन् लावला. नवरा ट्रंक घेऊन गेटच्या भायेरच राहिला.

मी तिले अडवलं नाही. मले तो हक नाही, मीही लावलाच होता माहा हात. पण ती कशावर अंगठा देऊन राहिली ते तिले माहीत होतं. माह्या नावावर भीक लिहिली ते मले फ्लेक्स दिसेपर्यंत माहीत नव्हतं.

मॅनेजर म्हणते, "बाबा, अंदर बैठो, धूप लग जाएगी." दीदी म्हणते, "बाबा को आराम चाहिए." मी आराम करणार नाही. तुमचं अन्न मी खाईन, कारण माही बायको खाते. तुमच्या गादीवर झोपीन. पण हात जोडणार नाही, अन् स्टेजवर पाय ठेवणार नाही. तुमच्या दारातून जो कागद आत जाईन, तो पहिले मी मोठ्यानं वाचीन, ज्याच्याबद्दल लिहिला त्याच्या तोंडासमोर. मले पागल लिहा. आणखी काही लिहाचं असन तं तेही लिहा.

मी इथंच बसलो आहे.